पाटीला हात

गेल्या एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी क्रॉफर्ड मार्केटच्या मुख्य दरवाजाशी घडलेला एक अगदी लहान प्रसंग अजून माझ्या मनातून जात नाही. मी आंब्याचा भाव बघायला गेले होते. दरवाजासमोर पदपथाच्या कडेला दहा-बारा तरुण मुलेमुली गळ्यात कॅमेरे अडकवून उभी होती आणि त्यांना घेऊन आलेली बाई कमानींवरच्या उठावशिल्पांविषयी मन लावून सांगत होती. एवढ्यात आतून एक पाटीवाला आला. साठीकडे झुकलेला, अंगात विटका सदरा, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर फळांनी भरलेली पाटी. ज्यांचा माल होता ते गृहस्थ टॅक्सी थांबवण्यासाठी पुढे गेले होते, म्हणून तो नेमका कमानीखाली थांबला. ‘काका, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय,’ एक मुलगा म्हणाला. आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता. पाटीवाला दोन पावले सरकला. पाटी एका अंगाला कलली, ती त्याने हाताने सावरली. ‘अजून थोडं,’ पुन्हा आवाज आला. तो खांबाच्या आड गेला आणि कॅमेरे वर वळले. वर दगडात शेतात राबणारी आणि बाजारात माल वाहणारी माणसे होती, आणि त्यांचे छायाचित्र स्वच्छ यावे म्हणून खाली माल वाहणारा माणूस आडोशाला उभा होता.

मी काहीच बोलले नाही.

त्या मुलांना दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, गर्दीत उभे राहून, मान वर करून दगडातली माणसे पाहणारी तरुण मुले या शहरात आहेत ही मला मोठी गोष्ट वाटते. या दरवाजातून रोज जाणाऱ्या शेकडो लोकांपैकी फारच थोडे वर पाहतात. मीही एरवी पाहतेच असे नाही. सवयीच्या वाटेवर डोळे पायांकडे राहतात, आणि इथे तर ओल्या फरशीवरून, सालींवरून, हातगाडीच्या चाकांतून वाट काढायची असते. तरीही त्या दिवशी घरी आल्यावर पेटी उघडून आंबे पेंढ्यात मांडताना मला सारखा तो कललेल्या पाटीला सावरणारा हात दिसत राहिला. मन लागत नव्हते. आपण जपतो म्हणजे नेमके काय जपतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात त्या दिवसापासून घर करून बसला आहे, आणि तो मला अण्णांच्या दिशेने ओढत नेतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते याच बाजारात एका आंब्याच्या आडत्याकडे मेहताजी होते. हंगामात रात्रीतून कोकणचे ट्रक येत आणि पहाटे चारपासून पेट्यांच्या भिंती उभ्या राहत. मे महिन्याच्या सुट्टीत, मी आठ-नऊ वर्षांची असताना, अण्णा मला कधीकधी सोबत नेत. लालबागहून पहिली बस पकडून आम्ही यायचो. उजाडलेले नसायचे, पण बाजाराचा वास मात्र मुसाफिरखान्याच्या कोपऱ्यापासूनच लागायचा. वाळका पेंढा, नुकते उतरवलेले हापूस, त्याखाली दबलेला सडक्या फळांचा आंबूस दर्प, आणि पलीकडच्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांकडून येणारा पिसांचा व दाण्यांचा कोरडा वास. माझी जागा वजनकाट्यामागच्या रिकाम्या पेटीवर. तिथून मला रुमालाखाली चालणारे सौदे दिसत. दोन माणसे एकमेकांकडे न बघता हात हातात घेत, वरून रुमाल टाकत, आणि बोटांच्या दाबावर शेकडो पेट्यांचा भाव ठरे. अण्णा चोपडीत आकडा लिहीत, आणि लिहून झाला की लेखणीचे टोक जिभेला लावत. त्यांची मला एकच ताकीद होती. भरलेली पाटी कितीही बळकट माणसाला एकट्याने डोक्यावर घेता येत नाही, समोरून कुणीतरी उचलून द्यावी लागते. ‘पाटीला हात लावायला कुणी बोलावलं तर नाही म्हणायचं नाही,’ अण्णा सांगत. ‘हातातलं काम काहीही असो.’ आडत्याचा शेठसुद्धा गादीवरून उठून हात लावताना मी पाहिला आहे.

बाजारात शिरताना दरवाजापाशी अण्णा क्षणभर थांबत आणि वर पाहत. मला वाटे ते घड्याळ बघतात. एकदा विचारले तेव्हा त्यांनी मला खांद्यावर घेतले, आणि कमानीच्या अर्धगोलात बसवलेली दगडी माणसे दाखवली. एका बाजूला पिकात राबणारी, दुसऱ्या बाजूला बाजारात माल आणणारी आणि देवघेव करणारी. ‘ह्यांची हजेरी माझ्याही आधी लागते,’ ते म्हणाले. ही शिल्पे कुणी केली, कधी केली, हे अण्णांना ठाऊक नव्हते. ती आपल्यातल्या माणसांची आहेत एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. राजापूरकडचे, चौथीनंतर शाळा सुटलेले, सबंध आयुष्य दुसऱ्याच्या चोपड्या लिहिण्यात गेलेले अण्णा रोज पहाटे एका शिल्पाकडे बघत आणि मग कामाला लागत. कलेचा रसिक वगैरे शब्द त्यांना कुणी लावले असते तर ते संकोचले असते.

पुढे कॉलेजात असताना मी या शिल्पांचा माग काढला. 1869 मध्ये बांधून झालेल्या या बाजाराचा आराखडा विल्यम इमर्सन या वास्तुकाराचा, आणि उठावशिल्पे व आतले कारंजे घडवणारा जॉन लॉकवुड किपलिंग. 1865 मध्ये तो जे. जे. कलाशाळेत वास्तुशिल्प शिकवायला आला आणि दहा वर्षे इथे राहून मग लाहोरला गेला. कलाशाळेचे आवार बाजारापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याचा प्रसिद्ध लेखक मुलगा रुडयार्ड याच आवारातल्या बंगल्यात जन्मला, म्हणून लोक बापाचीही आठवण काढतात, पण माझ्या लेखी बापाचे काम स्वतःच्या बळावर उभे आहे. 1870 च्या सुमारास सरकारी कामासाठी उत्तरेत फिरून त्याने इथल्या कारागिरांची रेखाचित्रे काढली. विणकर, सुतार, धातूवर नक्षी करणारे. त्यांत हत्यार धरलेल्या बोटांकडे, बसण्याच्या पद्धतीकडे, अंगाला पडलेल्या कामाच्या सवयीकडे त्याने अतिशय लक्षपूर्वक पाहिले आहे. राज्यकर्त्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाची ती नजर आहे, हे मी विसरत नाही. पण त्या काळी या शहरातल्या दगडाला सर्वांत जास्त मिळालेले काम राजाराण्यांचे आणि गव्हर्नरांचे पुतळे होण्याचे होते. स्वातंत्र्यानंतर ते पुतळे चौकाचौकांतून हलवले गेले, बरेचसे राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि त्यांना कुणी परत मागितले नाही. या कमानींवरच्या माणसांना मात्र कुणी हात लावला नाही. त्यांना नाव नव्हते आणि हुद्दाही नव्हता. बाजाराचे नाव बदलले तेव्हा ते महात्मा जोतिबा फुले मंडई झाले. ज्यांनी शेतकऱ्याचे दुःख आयुष्यभर मांडले त्यांचे नाव, दगडात कोरलेल्या शेतकऱ्याखाली. हे ठरवून केले होते की आपोआप जुळून आले, कोण जाणे, पण त्याहून योग्य नाव या जागेला मिळाले नसते.

एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. आज ज्याला आपण वारसा म्हणतो तो हा बाजार त्याच्या काळातला नवाकोरा व्यापारी प्रकल्प होता. मुंबईचा पहिला महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड याच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला तेव्हा लोखंडी खांबांचे छत, दगडी फरशी, मोकळी हवा, मालाप्रमाणे वेगळे विभाग ही सगळी नवलाई होती, आणि 1882 मध्ये इथे विजेचे दिवे लागले. जुन्या दाटीवाटीच्या बाजारांतली किती तरी माणसे तेव्हाही हलली असतील. म्हणजे नवी बाजारपेठ आली की कला मरते, असे काही ठरलेले नाही. इथे तर नव्या बाजारपेठेनेच कला आणली. भाजी-फळे विकायच्या जागेलासुद्धा उत्तम शिल्पकाराचा हात लागला पाहिजे, कुर्ल्याच्या पिवळसर दगडाला वसईच्या लालसर दगडाची जोड मिळाली पाहिजे, आणि दारावर जी माणसे कोरायची ती या बाजाराला पोसणारी असली पाहिजेत, असे कुणाला तरी वाटले होते. हे वाटणे मला त्या दगडाइतकेच मोलाचे वाटते. आज नवा मॉल उभा राहतो तेव्हा त्याच्या दारात काय असते? काच असते, सुगंधी गार हवा असते, सणासुदीला थर्माकोलची आरास असते. त्या जागेवर आधी कोण राबले हे सांगणारे काहीही नसते. लोअर परळला गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये जुने धुराडे राखले आहे. मी त्याखाली उभी राहिले आहे. ते राखले याचा मला आनंद आहे, आणि तरीही तिथे उभे राहून मला रडू येते, कारण आमच्या चाळीतली निम्मी घरे 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर कशी मोडत गेली ते मी पाहिले आहे. धुराडे राहिले, पण ते कुणाचे होते हे सांगणारे आसपास कुणी उरले नाही. बाकांवर बसलेल्या मुलांना ते उंच, देखणे काहीतरी वाटते, इतकेच.

बाजाराच्या आतले किपलिंगचे कारंजे मला लहानपणी कारंजे आहे असे कधी वाटलेच नाही, कारण त्यातून पाणी येताना मी पाहिले नव्हते. सभोवती पेट्या, टोपल्या, ताडपत्र्या यांचा गराडा असे, आणि मधूनच एखादा कोरलेला पक्षी किंवा प्राणी डोके वर काढी. त्यावर रंग होता. दगडावर तैलरंगाचे थर चढलेले, भडक आणि चकचकीत. मोठेपणी जाणकारांचे लेख वाचले तेव्हा या रंगाविषयी संताप वाचायला मिळाला, आणि तो रास्तच आहे. दगडाला बारीक छिद्रे असतात, हवेतली ओल त्यांतून आत-बाहेर होत राहते, आणि तैलरंगाने ती वाट बंद झाली की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि पुढे दगडाचे पापुद्रे सुटतात. हे सगळे मला पटते. तरीही रंग लावणाऱ्या हाताला मी बेपर्वा म्हणू शकत नाही, कारण त्यांतला एक हात मी जवळून ओळखते. पेढीशेजारच्या लोखंडी खांबाला अण्णा दर दसऱ्याला हिरवा तैलरंग देत. आदल्या दिवशी खांब धूत, पुसत, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः रंगवत बसत. खांबाच्या माथ्याजवळची बारीक नक्षी दरवर्षीच्या रंगाने थोडी थोडी बुजत चालली होती. अण्णांना ते दिसत नसे. त्यांना एवढेच कळत होते की वर्षभर ज्याला पाठ टेकून आपण बसलो, तो सणाला जुनाट दिसता कामा नये.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीमुळे, जी जुन्या वास्तूंच्या जतनाचेच काम करते, मला कोटातल्या एका जुन्या पाणपोईवरचा रंग काढताना पाहायला मिळाले. दोन वीत लांबीचा एक दगडी पक्षी होता. त्याच्या पंखावर एक कारागीर सकाळपासून बसला होता. आधी ओला लगदा थापून ठेवलेला, त्याने रंग मऊ झाला की लगदा उचलायचा, आणि मग ब्रश आणि शस्त्रक्रियेच्या सुरीसारखे पातळ पाते घेऊन थर सोडवायचा. वरचा थर चंदेरी, त्याखाली निळा, त्याखाली गेरूच्या रंगाचा, त्याखाली पुन्हा पांढरा. प्रत्येक थर कुणीतरी कधीतरी हौसेने दिलेला. कारागीर एकही शब्द बोलत नव्हता. पाते आडवे धरून, जवळजवळ न टेकवता, तो पिसाच्या एका रेषेवरून पुढे सरकत होता, आणि दर तीन-चार वेळा थांबून अंगठ्याने दगड चाचपून बघत होता. दुपारपर्यंत चार पिसे मोकळी झाली. दगड खाली मधासारखा निघाला. सांध्यांत कुणीतरी सिमेंट भरले होते, तेही हळूहळू कोरून काढून त्या जागी चुन्याचा गारा भरायचा होता, कारण सिमेंट दगडाहून कडक असते आणि ताण आला की सांधा तसाच राहून शेजारचा दगड फुटतो. ‘रंग गेला की दगडाला घाम येऊ लागतो, मग तो जगतो,’ शेवटी तो कारागीर म्हणाला. मी निघताना त्याने मला निळ्या रंगाची एक खपली दिली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती टाकून द्यावी असे मला कधी वाटले नाही.

मुंबईत वारसा वास्तूंसाठीचे नियम 1995 मध्ये आले आणि क्रॉफर्ड मार्केट पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या श्रेणीत गेले. त्यामुळेच पुढे खासगी विकासकाकरवी पुनर्विकासाचा प्रस्ताव आला तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या पायाखाली भक्कम जमीन होती, आणि तो प्रस्ताव मागे पडला. नंतर महापालिकेने टप्प्याटप्प्याने जुन्या इमारतीची दुरुस्ती आणि आवारात नवे बांधकाम असे काम हाती घेतले. काम चालू असताना मी तिथल्या ओळखीच्या दुकानदारांशी अनेकदा बोलले आहे. त्यांतले एक फळवाले काका, ज्यांचे वडील अण्णांच्या ओळखीचे होते, मला म्हणाले, ‘ताई, दगड सुंदर आहे, मान्य. पण मला टेम्पो आत यायला वाट पाहिजे, पावसात माल कोरडा राहिला पाहिजे, आणि गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा पाहिजे. ते नसेल तर मी इथे राहणार नाही, आणि मी नसेन तर दगड बघायला कोण येणार?’ वारसा जपण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे वाक्य नीट ऐकावे असे मला मनापासून वाटते. बाजार दमट, अंधारा, उंदरांचा असावा आणि त्यात माणसांनी आम्हाला जुने दिसावे म्हणून बसून राहावे, अशी अपेक्षा करण्याचा कुणालाही हक्क नाही. त्या काकांना नवा गाळा मिळाला पाहिजे, चांगला मिळाला पाहिजे, आणि तो इथेच मिळाला पाहिजे. माझा सगळा जीव या ‘इथेच’ शब्दात अडकला आहे.

कारण एकदा बाजार हलला आहे, आणि ते मी पाहिले आहे. 1996 च्या मार्चमध्ये घाऊक फळबाजार इथून उठून वाशीला गेला. शहराच्या दृष्टीने ते बरोबरच होते. मोठे ट्रक दक्षिण मुंबईच्या त्या गल्ल्यांत मावत नव्हते. पण अण्णांसाठी तो महिना घरात कुणी जावे तसा गेला. ते काही दिवस वाशीला गेले. तिथे छप्पर उंच होते, रस्ते रुंद होते, उजेड भरपूर होता. संध्याकाळी घरी आले की ते म्हणत, ‘सोय चांगली आहे,’ आणि पुढे काही बोलत नसत. वर्षभरात त्यांनी काम सोडले. नंतर कधीतरी आम्ही दोघे मंगळदास मार्केटमध्ये कापड घ्यायला आलो असताना त्यांनी आपण होऊन पाय इकडे वळवले. दरवाजापाशी थांबून ते बराच वेळ वर बघत राहिले. मग खाली, जिथे पूर्वी पहाटे पाय ठेवायला जागा नसे आणि आता दोन-चार गिऱ्हाइके सफरचंदे निवडत होती, तिकडे बघितले. ‘वरची माणसं अजून कामावर आहेत,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होते की दुःख, हे मला आजही सांगता येत नाही. मी दोन्ही ऐकले.

शिल्प जागेवर राहूनही अनाथ होऊ शकते, हे मला त्या दुपारी कळले.

याउलट जागा गेली तरी एखादे शिल्प लोकांच्या तोंडी टिकते, असेही घडते. काळा घोडा, म्हणजे राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, 1965 मध्ये चौकातून हलला, राजासकट राणीच्या बागेत गेला, आणि त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे लोक नसलेल्या घोड्याच्या नावाने पत्ता सांगत राहिले. 2017 मध्ये तिथे नवा घोडा बसवला गेला, पाठीवर कुणीही स्वार नसलेला. ते मला फार आवडले. लोकांनी राजा विसरून घोडा जपला होता, आणि अखेर त्यांच्या स्मृतीप्रमाणे शिल्प घडले. फोर्टमध्ये 1936 मध्ये बांधलेल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर ना. ग. पानसरे यांनी घडवलेली उठावशिल्पे आहेत. उंचच उंच, सरळ रेषांच्या इमारतीत घट्ट रोवलेले शेतकरी आणि कारागीर. एका मराठी शिल्पकाराने विम्याच्या व्यापारी इमारतीवर राबणारी माणसे उभी केली, आणि ती इमारत आजही त्याच कामासाठी वापरात असल्याने ती माणसे घरच्यासारखी वाटतात. चर्चगेटसमोरच्या 1938 सालच्या इरॉसचे उदाहरण मला अधिक अवघड वाटते. अनेक वर्षे बंद राहिलेल्या त्या चित्रपटगृहाभोवती कामाचे पडदे लागले तेव्हा ते पाडले जाते की काय या शंकेने माझ्यासारख्या कितीतरी जणांची झोप उडाली होती. ते पाडले गेले नाही. लाल-पिवळसर बाह्यरूप उजळून निघाले, आत दालने झाली, पडदाही पुन्हा सुरू झाला. मी गेले, हरखले, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. मग लक्षात आले की पूर्वी खालच्या दराचे तिकीट काढूनही ज्या दिमाखात कुणालाही शिरता येई, तिथे आता काही विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूस दारातच अडखळेल. इमारत वाचली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण सार्वजनिक कला म्हणताना ‘सार्वजनिक’ हा शब्दही वाचला पाहिजे, आणि तो चुन्याच्या गाऱ्याने सांधता येत नाही.

म्हणून नवे व्यापारी संकुल येते म्हटले की मी शिल्पाआधी त्याच्या खालची जागा बघते. त्यासमोर उभे राहायला पदपथ राहणार आहे का. दुकानाची पाटी, विजेच्या तारा, वातानुकूलन यंत्राचा पंखा त्याच्या तोंडावर येणार आहे का. ते काढून काचेच्या दालनात, मऊ दिव्याखाली नेऊन ठेवणार आहेत का, आणि तसे नेले तर पहाटे चार वाजता कामाला येणाऱ्या माणसाला ते दिसणार आहे का. वारशाच्या यादीत नाव इमारतीचे जाते, कोपऱ्याचे जात नाही, आणि नजरेच्या वाटेचे तर नाहीच. किपलिंगने ती माणसे कमानीच्या उंचीवर बसवली, कारण तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आपसूक दिसावीत. मान वर केल्यावर दिसणे आणि तिकीट काढल्यावर दिसणे यांत अण्णांच्या आयुष्याएवढे अंतर आहे. अण्णा कुठल्याही संग्रहालयात कधी गेले नाहीत. कलेशी त्यांचा जो काही संबंध आला तो या दारात, रोजच्या अर्ध्या मिनिटाचा, पंचवीस-तीस वर्षे चाललेला.

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर आलेला असताना, मी पुन्हा मार्केटला गेले. खरे तर आंबे संपत आले होते आणि घरात कुणाला हवेही नव्हते. सकाळचे सात वाजले असतील. ऊन अजून समोरच्या इमारतींच्या आड होते, आणि कमानींवरची माणसे सावलीत एकसारख्या करड्या रंगाची दिसत होती. छायाचित्रे काढणारे कुणी नव्हते. आत शिरले तर एका गाळ्यापुढे तोच पाटीवाला दिसला. सदरा दुसरा होता, पण चुंबळ ठेवायची ढब मी विसरले नव्हते. त्याने पाटीत फळे रचून वर ओले फडके टाकले होते, चुंबळ डोक्यावर बसवली होती, आणि कुणी मोकळे दिसते का ते बघत होता. गाळ्यावरचा पोऱ्या फोनवर बोलत होता. माझ्याकडे बघून तो घुटमळला, माझ्या वयाकडे आणि साडीकडे पाहून असेल. मग म्हणाला, ‘बाई, जरा हात लावता?’

मी पिशवी खाली ठेवली. पाटीची कड ओली होती आणि बांबूच्या एका निघालेल्या कामटीने माझ्या तळव्याला टोचले. ‘उचला,’ तो म्हणाला, आणि आम्ही दोघांनी मिळून ती वर नेली. माझ्या खांद्यापर्यंत तिचे सगळे वजन मला कळले, त्यापुढे ते त्याने घेतले. चुंबळीवर पाटी बसताच त्याने मान किंचित डावीकडे-उजवीकडे करून तोल पाहिला, हात सोडला, आणि दरवाजाच्या दिशेने चालू लागला. मी पिशवी उचलून त्याच्या मागोमाग निघाले. कमानीखाली तो क्षणभर थांबला, टॅक्सी कुठे आहे ते बघण्यासाठी. समोरच्या इमारतींवरून ऊन तेवढ्यात वर आले होते.

मीही थांबले आणि वर पाहिले.